दोघांनी करायची जपानच्या गावकिनाऱ्याची सायकलफेरी: ओनोमिची ते उवाजिमा

जपानमध्ये सायकल चालवायची म्हटलं की पहिलं नाव येतं ते शिमानामी काइदोचं. होन्शू बेटावरच्या ओनोमिचीपासून शिकोकू बेटावरच्या इमाबारीपर्यंत सहा बेटं आणि त्यांना जोडणारे पूल ओलांडत जाणारा हा साधारण ७० किलोमीटरचा मार्ग. १९९९ साली तो पूर्ण जोडला गेला. बहुतेक जण इमाबारीला पोचले की फोटो काढतात आणि रेल्वे पकडतात. गावकिनारा मात्र तिथून पुढे सुरू होतो: एहिमे प्रांताचा पश्चिम किनारा धरून मात्सुयामा, फुतामी, नागाहामा, यावाताहामा आणि शेवटी उवाजिमा. सगळं मिळून साधारण २६० किलोमीटर होतात. दोघांनी सहा दिवसांत रमतगमत करावी अशी ही फेरी आहे.

दिवसाला सरासरी ४५ किलोमीटर हा आकडा पुणे-मुंबईच्या रविवारी सायकलवाल्यांना किरकोळ वाटेल. पण इथे लोक अंतराला अडत नाहीत, घड्याळाला अडतात. गावातली खानावळ दुपारी दोनला बंद होते. घरगुती निवासात रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला पानात पडतं. छोट्या स्टेशनवर गाड्या दिवसाला मोजक्या. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि किनारी रस्त्यावर दिवे जवळपास नसतात. म्हणून आखणी किलोमीटरवर न करता वेळेवर करा. सामान लादलेली सायकल, पाणी, फोटो, फेरीबोटीची वाट बघणं हे सगळं धरून ताशी १२ किलोमीटर हा हिशेब ठेवा, आणि चढाच्या दिवशी १०. त्यात दुपारी चारला मुक्कामी पोचता येत नसेल तर टप्पा लहान करा.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, किंवा मार्चअखेर ते मे. शिकोकूत जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं येतात आणि उकाडा आपल्या कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देतो. डिसेंबर ते फेब्रुवारी वायव्येचा वारा इयो-नादा समुद्रावरून सरळ या किनाऱ्यावर आदळतो. सपाट रस्त्यावरही तो ताशी १२ किलोमीटरच्या वर जाऊ देत नाही. २९ एप्रिल ते ५ मे हा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टचा मध्य टाळा, खोल्या मिळत नाहीत.

आमची पसंती नोव्हेंबरला आहे. हवा कोरडी असते, गारवा सोसवतो आणि मिकान संत्र्यांचा हंगाम असतो. दिवस लहान, एवढीच खोट. एप्रिलच्या उत्तरार्धात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उशिरा उठणाऱ्या जोडीला वसंतच बरा.

निघण्याआधी

भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएसमार्फत करायचा. विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून जपान सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. म्हणजे उतरताच चालणारं ई-सिम आधीच घालून ठेवा. प्रवासविम्यात ‘तृतीय पक्षाची जबाबदारी’ आहे का आणि ती सायकल चालवताना लागू होते का, हे पॉलिसीत शोधून वाचा. एहिमेसह बऱ्याच प्रांतांत सायकलस्वाराला असा विमा बंधनकारक आहे. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, कोणत्याही रूपातलं मांस सामानात नको. सर्दीच्या गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असेल तर त्या घरीच ठेवा.

सराव म्हणून जाण्याच्या महिनाभर आधी दोघांनी सामानासकट एक कोकणफेरी करा: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे अशा जेट्ट्या घेत दापोली, गुहागर. खाडीकाठी उतरायचं, पुन्हा सड्यावर चढायचं, हा तिथला क्रमच यावाताहामाच्या पुढे वाट्याला येणार आहे. बॅग कुठे घासते, कॅरिअरचा कुठला बोल्ट ढिला होतो आणि जोडीदाराला भूक लागली की तो किती चिडतो, हे सगळं इथेच कळून जातं.

सायकल: न्यायची की भाड्याने

फक्त शिमानामीपुरतं जायचं असेल तर भाड्याची घ्या. ओनोमिचीला घेऊन इमाबारीला परत देता येते. पुढे उवाजिमापर्यंत जायचं तर स्वतःची सायकल सोयीची पडते, कारण सार्वजनिक भाडेकेंद्रांची साखळी इमाबारीलाच संपते. खासगी दुकानातून अनेक दिवसांसाठी घेता येते. मात्र ती त्याच दुकानात परत द्यावी लागेल का आणि रेल्वेसाठी पिशवी मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारा. स्वतःची ई-बाइक न्यायचा विचार सोडा, तिची बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत.

रस्ते गुळगुळीत आहेत, त्यामुळे २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर पुरतात. पुढच्या लहान चकतीला ३४ दात आणि मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच) असेल तर सगळे चढ बसून चढता येतात. मोठ्या कॅरिअरपेक्षा सीटमागे आणि हॅंडलला बांधायच्या बॅगा घ्या, कारण रेल्वेसाठी सायकल पिशवीत भरताना कॅरिअर आणि लांब मडगार्ड जाम त्रास देतात. माणशी ६-७ किलोच्या वर सामान नको. कपडे धुवायला बहुतेक हॉटेलांत नाणी टाकून चालणारी यंत्रं असतात.

विमानासाठी खोळ मऊ आणि घडी होणारी घ्या. पुठ्ठ्याचा किंवा कडक खोका घेतला तर तो सहा दिवस ठेवायचा कुठे, हा प्रश्न येतो. ताक्क्यूबिन नावाची घरपोच सामानसेवा सगळीकडे आहे, पण ती लांबी, रुंदी, उंची मिळून २०० सेंटिमीटरपर्यंतचंच सामान घेते आणि सायकलचा खोका सहज २४० भरतो. मऊ खोळीची घडी करा, त्यात जादा कपडे टाका आणि ओनोमिचीच्या हॉटेलातून शेवटच्या मुक्कामाच्या हॉटेलला पाठवून द्या. त्या हॉटेलला आधी ई-मेल करून तुमचं नाव आणि मुक्कामाची तारीख कळवून ठेवा.

पॅडल काढताना होणारा घोळ टाळायला एक खूण: पान्हा पॅडलच्या वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंचं पॅडल याच दिशेने सुटतं, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात म्हणून. बसवताना आट्यांना ग्रीसचं बोट लावायला विसरू नका.

रिंको: सायकल पिशवीत भरून रेल्वेने

जपानी रेल्वेत सायकल न्यायला तिकीट लागत नाही, पण ती सुटी करून पूर्ण झाकलेली हवी. जेआर या तिथल्या मुख्य रेल्वेचा नियम असा: तिन्ही बाजूंची बेरीज २५० सेंटिमीटरच्या आत, लांबी २ मीटरच्या आत, वजन ३० किलोच्या आत. हॅंडल किंवा सीट पिशवीबाहेर डोकावत असेल तर फाटकावरच अडवतात. कचऱ्याची काळी पिशवी गुंडाळून चालवून घेऊ म्हणणारे नेमके घाईच्या वेळी अडकतात. रिंको-बुकुरो म्हणून जी खास पातळ पिशवी मिळते ती घ्या, बाटलीच्या पिंजऱ्यात मावते.

घरी तीन-चार वेळा सराव करा. चेन पुढे मोठ्या आणि मागे सर्वांत लहान चकतीवर आणा. सायकल उलटी करून सीट आणि हॅंडलवर उभी करा. दोन्ही चाकं काढा. मागच्या काट्यात आधाराची पट्टी बसवा, नाहीतर डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जमिनीला टेकून त्याला फ्रेमशी जोडणारा हॅंगर वाकतो. वाकलेल्या हॅंगरने गिअर दोन दात सोडून उड्या मारतात, आणि तो बदलायला तुमच्याच मॉडेलचा हॅंगर लागतो. म्हणून प्रत्येकाने आपापला एक जादा हॅंगर न्यावाच. डिस्क ब्रेक असेल तर चाक निघताक्षणी पॅडमध्ये ठोकळा सरकवा. चाक नसताना ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि पुन्हा चाक बसेनासं होतं. मग दोन्ही चाकं फ्रेमच्या दोन अंगांना लावून तीन ठिकाणी पट्ट्यांनी आवळा, खांद्याचा पट्टा फ्रेमला बांधा आणि वरून पिशवी चढवा. सवय झाली की १५ मिनिटांत होतं, पहिल्यांदा अर्धा तास धरा. हे काम स्टेशनच्या बाहेर भिंतीच्या कडेला करायचं, फाटकासमोर नाही. हायड्रॉलिक ब्रेक उलटे ठेवल्यावर कधी कधी मऊ पडतात. सायकल सरळ करून लिव्हर दहा-बारा वेळा दाबा आणि मगच निघा.

कान्साई विमानतळावर उतरलात तर शिन-ओसाका गाठा आणि तिथून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, फुकुयामा. फुकुयामाहून साध्या गाडीने ओनोमिची २० मिनिटांवर आहे. शिन-ओनोमिची नावाचं शिन्कान्सेन स्टेशन आहे खरं, पण ते गावापासून लांब आहे आणि तिथे वेगवान गाड्या थांबत नाहीत. शिन्कान्सेनमध्ये डब्याच्या शेवटच्या रांगेतली, मागे मोठ्या सामानाची जागा असलेली सीट राखून घ्या. दोन सायकली म्हणजे शेजारशेजारच्या दोन सीट.

दोघांनी काय वाटून घ्यायचं

जपानमध्ये दोन सायकली शेजारी-शेजारी चालवायला बंदी आहे, खास पाटी असेल तिथेच मुभा. म्हणजे दिवसभर एकामागे एक जायचं, बोलणं थांब्यावर. त्यात मागचा दिसेनासा झाला तरी पुढच्याला पत्ता लागत नाही. ठराविक ठिकाणी थांबायचं आधीच ठरवा: प्रत्येक पुलाचा चढ सुरू होतो तिथे, बोगद्याच्या तोंडाशी, आणि मार्ग बदलणाऱ्या प्रत्येक वळणावर. दहा मिनिटांत मागचा आला नाही तर फोन. फोन लागला नाही तर पुढच्याने मागे यायचं, मागच्याने जागा सोडायची नाही.

पंप आणि हत्यारं कायम मागे चालणाऱ्याकडे द्या. पुढच्याचं चाक बसलं तर मागचा आपोआप तिथे पोचतो. हत्यारं पुढच्याकडे असतील तर मागचा पंक्चर घेऊन रस्त्यात उभा आणि हत्यारं पाच किलोमीटर पुढे, असं होतं. ट्यूब मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या, माणशी दोन. सामाईक सामान: पंप एक, ॲलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार, चेनची दोन जोडकडी, टायर लिव्हर तीन, पॅचचा डबा, ब्रेक पॅडचा एकेक जोड, केबल टाय दहा, प्रथमोपचार. पुढे हळू जाणाऱ्याला ठेवा, वेगाचा प्रश्न भांडणाविना सुटतो.

पैशांसाठी एक सामाईक पाकीट ठेवा, रोज सकाळी दोघांनी सारखी रक्कम टाकायची. खेड्यांत रोख लागतेच. सेव्हन-इलेव्हनमधल्या आणि पोस्टातल्या एटीएममधून भारतीय व्हिसा-मास्टरकार्डवर येन निघतात, फक्त निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून ठेवा. पुढची पाच-सहा गावं एटीएमविना जाणार हे धरून मात्सुयामातच पुरेसे येन काढा.

रस्त्याचे नियम आणि दंड

वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्याला जुळवून घ्यायला वेळ लागत नाही. सवयी मात्र बदलाव्या लागतात. २०२६च्या एप्रिलपासून १६ वर्षं आणि त्यावरच्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती मिळते: फोन हातात घेऊन चालवलं तर १२,००० येन, सिग्नल तोडला किंवा उलट्या बाजूने गेलात तर ६,०००, ‘तोमारे’ लिहिलेल्या ठिकाणी पूर्ण न थांबल्यास ५,०००, शेजारी-शेजारी चालवल्यास ३,०००. ‘तोमारे’ म्हणजे पाय जमिनीला टेकवून थांबणं, वेग कमी करणं नव्हे. पिऊन सायकल चालवणं हा तिथे सरळ फौजदारी गुन्हा आहे. दुपारच्या जेवणासोबतची एक बिअरसुद्धा मुक्कामी पोचल्यावरच.

उजवीकडे वळताना चौकाच्या मधून कापत जायचं नाही. आधी सरळ पलीकडच्या कोपऱ्यावर जा, सायकल वळवा, सिग्नल हिरवा झाला की दुसरा रस्ता ओलांडा. पुढचा पांढरा दिवा एकसंध पेटणारा हवा, लुकलुकणारा कायद्याने पुरत नाही. मागे लाल दिवा लावा, कारण या मार्गावर बोगदे बरेच आहेत. जुन्या बोगद्यात पदपथ हातभर रुंद असतो. तिथे पदपथावर चढायची धडपड करू नका. दिवे लावा, मागची गाडी जाऊ द्या आणि डावीकडून सरळ रेषेत निघा. हेल्मेट घालावं असं कायदा सांगतो, न घातल्यास दंड नाही. तरीही घाला.

दिवस पहिला आणि दुसरा: बेटं आणि पूल

ओनोमिचीचा पूल अरुंद आणि गाड्यांचा आहे. पलीकडच्या मुकाइशिमाला छोट्या फेरीबोटीने जा, पाच मिनिटं लागतात. सुटी नाणी हाताशी ठेवा. उतरल्यावर रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ दिसेल, तीच इमाबारीपर्यंतची वाट. रेघेशेजारी उरलेलं अंतरही लिहिलेलं असतं.

प्रत्येक पुलावर चढण्यासाठी सायकलींचा वेगळा वळणावळणाचा रस्ता आहे, चढ साधारण ३ टक्के. दम लागत नाही. उतरताना मात्र वळणांवर समोरून चढणारे लोक येतात, वेग आवरा. इन्नोशिमा पुलावर सायकलवाट गाड्यांच्या खालच्या मजल्यावर जाळीतून जाते. तातारा पुलाचा मुख्य गाळा ८९० मीटरचा आहे. त्याच्या मनोऱ्याच्या पायाशी टाळी वाजवली की आवाज वर चढत गेल्यासारखा घुमतो. दोघांनी एकाच वेळी वाजवू नका, काही कळत नाही.

पहिला मुक्काम इकुचिजिमा बेटावरच्या सेतोदात करा, ओनोमिचीहून साधारण ३० किलोमीटर. बेट लिंबांसाठी नावाजलेलं आहे. एका दिवसात सगळे ७० किलोमीटर उरकणारे दिसतील, त्यांना खुशाल जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ओमिशिमावर ओयामाझुमी देवस्थान बघायचं तर जाऊन-येऊन साधारण १५ किलोमीटर वाढतात आणि मध्ये एक खिंड आहे. सकाळी आठच्या आत निघत असाल तरच तो फाटा घ्या. शेवटचा कुरुशिमा पूल म्हणजे सलग तीन झुलते पूल, मिळून चार किलोमीटर. खालच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा प्रवाह १० नॉटपर्यंत जातो आणि वर आडवा वारा लागतो. हॅंडलवरची फुगीर बॅग अशा वाऱ्यात शिडाचं काम करते. जड सामान सीटमागे हलवून मग पुलावर चढा.

दिवस तिसरा: इमाबारी ते मात्सुयामा

१९६ क्रमांकाच्या रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर. वाटेत किकुमा लागतं, तिथली कौलं शेकडो वर्षं प्रसिद्ध आहेत. रस्ता सपाट आहे, पण ट्रक बरेच. सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणाला होजो गाठा. त्यानंतर शहराची रहदारी लागते. मात्सुयामात दोगो ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यावरची १८९४ सालची लाकडी स्नानगृहाची इमारत आहे, दुरुस्तीनंतर ती २०२४ साली पूर्ण खुली झाली. ओन्सेनमध्ये आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग हौदात. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही.

सायकलीचं सगळं मोठं काम इथेच उरका: चेन पुसून तेल, ब्रेक पॅड, टायरमध्ये रुतलेल्या काचा. यापुढे उवाजिमापर्यंत चांगलं सायकल दुकान मिळेल असं गृहीत धरू नका.

दिवस चौथा: इयो-नादाचा किनारा

शहरातून नैर्ऋत्येला इयो गाव ओलांडलं की ३७८ क्रमांकाचा रस्ता समुद्राला येऊन मिळतो. इथून नागाहामापर्यंत उजवीकडे पाणी, डावीकडे डोंगर आणि एकेरी रुळांची रेल्वे. सगळ्या फेरीतला सर्वांत सुंदर आणि सर्वांत सोपा टप्पा हाच.

फुतामीला रस्त्याकाठचं विश्रांतिस्थान आहे, त्याला मिची-नो-एकी म्हणतात. तिथे शौचालय, पाणी, खाणं आणि गावची फळं मिळतात. इथेच दोन्ही बाटल्या भरून घ्या, पुढे नागाहामापर्यंत पेयांच्या यंत्रांवर भागवावं लागतं. फुतामीच्या थोडं पुढे शिमोनादा स्टेशन. फलाटासमोर थेट समुद्र, म्हणून गर्दी असते. सायकल फलाटावर नेऊ नका, स्टेशनसमोरची गल्लीही अरुंद आहे, कडेला लावा.

खरी गोची सूर्यास्ताची. सगळे तोच बघायला येतात, आणि तो पाहून अंधारात नागाहामापर्यंत सायकल हाकणं शहाणपणाचं नाही, कारण रस्त्यावर दिवे नाहीत आणि सांजवेळी रानडुकरं खाली उतरतात. दोन सरळ उपाय आहेत: मुक्काम फुतामीतच करा आणि स्टेशनवर रिकाम्या सायकलीने जाऊन या, किंवा सूर्यास्त सोडा आणि उजेडात नागाहामा गाठा. ‘बघून गाडीने जाऊ’ हा तिसरा उपाय कागदावरच बरा दिसतो. गाडी एक-दोन डब्यांची असते, फलाट गर्दीने भरलेला असतो आणि अंधारात घाईघाईने दोन सायकली पिशवीत भराव्या लागतात.

दिवस पाचवा: नागाहामा ते यावाताहामा

हिजी नदीवरचा लाल उघडझाप पूल १९३५चा आहे आणि अजून चालतो. थंडी पडलेल्या सकाळी नदीतून धुक्याचा लोट वाऱ्यासह समुद्राकडे सुटतो. तो दिसला तर पूल ओलांडताना दिवे लावा, पलीकडची गाडी दिसत नाही. पुढचे २५-३० किलोमीटर ३७८नेच, चढ-उतार इथे सुरू होतात. यावाताहामा मासेमारीचं बंदर आहे. त्याच्या भोवतीचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत मिकानच्या पायऱ्यांनी बांधलेले आहेत.

हंगामात रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेली छोटी मांडणी दिसते. पिशवीत सात-आठ मिकान, शेजारी डबा, माणूस कुणी नाही. चिठ्ठीवर लिहिलेली नाणी, बहुधा १०० येन, डब्यात टाकायची आणि पिशवी उचलायची. म्हणून १०० येनची नाणी खिशात वेगळी ठेवा, नोट मोडून द्यायला तिथे कुणी नसतं. संत्र्यांनी भरलेले छोटे ट्रक आतल्या वाटांवरून अचानक मुख्य रस्त्यावर येतात. प्रत्येक फाट्याला ब्रेकवर बोट ठेवा.

अंगात बळ नसेल किंवा हवा फिरली असेल तर फेरी इथेच संपवता येते. यावाताहामाहून क्यूशू बेटावरच्या बेप्पू आणि उसुकीला फेरीबोटी जातात, पाऊण-एक दिवस न घालवता तीन तासांच्या आत पलीकडे. सायकल तशीच चढवता येते, तिचं वेगळं भाडं पडतं. नाहीतर ‘उवाकाइ’ एक्स्प्रेसने मात्सुयामाला परत.

दिवस सहावा: दातेरी किनारा

यावाताहामा, मिकामे, आकेहामा, योशिदा, उवाजिमा. साधारण ६० ते ७० किलोमीटर आणि सगळ्यांत कष्टाचा दिवस. समुद्राची बोटं डोंगरात शिरलेली, प्रत्येक बोटाच्या टोकाला गाव, दोन गावांमध्ये चढ. एकही चढ मोठा नाही, पण ते संपतच नाहीत. सकाळी सातला निघा. दुपारचं खाणं यावाताहामातूनच बांधून घ्या, कारण मधल्या गावांतली दुकानं एक-दोन आणि तीही आठवड्यातून एखादा दिवस बंद. खाडीत तरंगणारे तराफे दिसतात ते मोती आणि मासे वाढवण्याचे.

हा भाग पावसाला हळवा आहे. २०१८च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत योशिदाच्या संत्र्यांच्या उतारांवर जागोजागी दरडी कोसळल्या होत्या. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर सकाळी निवासात विचारा, ‘त्सूकोदोमे’ हा शब्द ऐकू आला म्हणजे रस्ता बंद. अशा वेळी ‘जाऊन तर बघू’ नको. यावाताहामाहून उवाजिमाला थेट एक्स्प्रेस आहे, रिंको पिशवी त्यासाठीच जवळ आहे.

मुक्काम आणि पोटाचं

घरगुती निवासाला मिन्शुकू म्हणतात. जेवणासह घेतलं तर पाचपर्यंत पोचा, उशीर होत असेल तर फोन करा, कारण स्वयंपाक तुमच्यासाठीच मांडलेला असतो. मासे खाणाऱ्यांची चैन आहे: उवाजिमाचा ताइमेशी म्हणजे कच्च्या माशाचे काप, अंडं आणि सॉस गरम भातावर.

शाकाहारी जोडीदार असेल तर ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवाय खोली घ्या. अडचण मासळीच्या तुकड्यांची नसते, ‘दाशी’ नावाच्या रश्शाची असते. मिसो सूप, उदोन (जाड नूडल्स), अंड्याची गुंडाळी, गोडसर इनारी (तळलेल्या तोफूत भरलेला भात), सगळ्यात तो माशाचा अर्क असतो. भरवशाचं म्हणजे साध्या मिठाचा किंवा उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, तोफू, उकडलेले एदामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा), भाजलेलं रताळं, केळी, दूध, पाव. गरम करून खायचा भाताचा डबा सुपरमार्केटात मिळतो, सोबत घरून नेलेलं मेतकूट किंवा कोरडी चटणी. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस’ हे वाक्य पाठ करा, किंवा जपानीत लिहून फोनवर ठेवा.

सायकल ठेवण्यासाठी: ‘जितेन्शा ओ ओकेमास का?’ बहुतेक जण गॅरेजमध्ये किंवा दाराच्या आत जागा देतात. खोलीत न्यायची असेल तर पिशवीत घालून. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात, त्यासाठी एक पिशवी हॅंडलला अडकवून ठेवा.

चार्जरसाठी दोन चपट्या पिनांचा प्लग लागतो, वीज १०० व्होल्टची.

चाक बसलं तर

सायकल रस्त्यापासून दूर न्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपा. काच तशीच राहिली तर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते. आत घालायची ट्यूब आधी थोडी फुगवून घ्या म्हणजे पीळ पडून चिमटत नाही. निवासातले आणि गावातले पंप बहुतेक वेळा डनलॉप वॉल्व्हचे असतात, आपल्याकडच्या जुन्या हिरो-ॲटलसला असतो तोच. तुमचा वॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे रेसिंग सायकलींचा बारीक वॉल्व्ह, असेल तर पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, एवढ्याशा वस्तूवाचून समोर पंप असून काही उपयोग होत नाही. ‘पान्कु शिमाशिता’ म्हटलं की पंक्चर झालंय हे सगळ्यांना कळतं. गावात सायकल दुकान नसेल तर होम सेंटर शोधा, बागकामाच्या सामानाच्या त्या मोठ्या दुकानात ट्यूब आणि हत्यारं मिळतात. अपघातात रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. अपघात किरकोळ असला तरी पोलिसांना कळवा, त्यांच्या नोंदीशिवाय विम्याचा दावा अडतो.

शरद ऋतूत मोठ्या गांधीलमाश्या आक्रमक असतात आणि गडद रंगावर येतात. काळी जर्सी घरी ठेवा.

परतताना

उवाजिमा ते मात्सुयामा एक्स्प्रेसने साधारण दीड तास. डब्यात शेवटच्या सीटच्या मागे जागा असते, ती मिळवायची तर गाडीच्या उगमस्थानी म्हणजे उवाजिमालाच पंधरा मिनिटं आधी रांगेत उभं राहा. मात्सुयामाच्या बंदरातून हिरोशिमाला फेरीबोट जाते, तिच्यावर सायकल जशीच्या तशी चढते. विमान कान्साईहून असेल तर हिरोशिमाहून शिन्कान्सेन. मऊ खोळ मात्सुयामाच्या हॉटेलात पाठवली असेल तर शेवटची रात्र तिथेच काढा. टायर आणि पॅडलवरची माती ओल्या फडक्याने पुसा, चेनला कागद गुंडाळा आणि खोळीत भरण्याआधी सगळी हत्यारं मोजून चेक-इनच्या सामानात टाका. केबिनच्या बॅगेत राहिलेली ॲलन की सुरक्षा तपासणीत काढून घेतात.